घरे आहेत, पण रोकड आहे का? धर्मादाय गृहसंस्थेचा हिशेब कसा वाचावा

जानेवारी २००८ मध्ये लंडनमधली 'उजिमा हाउसिंग असोसिएशन' ही संस्था बुडाली. १९७७ साली ती तिथल्या काळ्या समाजातल्या कार्यकर्त्यांनी उभी केली होती. घर भाड्याने देताना रंगावरून भेदभाव करायला तेव्हा कायद्याने बंदी होती, तरी काळ्या तरुणांना खोली मिळणे मुश्किल होते. त्यांना छप्पर मिळावे, एवढ्या साध्या गरजेतून हे काम सुरू झाले. 'उजिमा' हा स्वाहिली शब्द आहे. सामूहिक काम आणि सामूहिक जबाबदारी असा त्याचा अर्थ. पुढच्या तीस वर्षांत ती ब्रिटनमधल्या काळ्या आणि अल्पसंख्य समाजाची सर्वांत मोठी गृहसंस्था झाली. हजारो घरे तिच्या नावावर होती. आणि तरीही ती दिवाळखोरीत गेली. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत गृहसंस्थेवर अशी वेळ येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

भाडेकरू रस्त्यावर आले नाहीत. 'लंडन अँड क्वाड्रंट' या मोठ्या संस्थेने उजिमाची घरे आपल्याकडे घेतली. घरे राहिली, पण समाजाने स्वतः उभारलेली, स्वतः चालवलेली संस्था गेली. कोणाला घर द्यायचे, कुठे बांधायचे, कोणाला कामावर घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याबरोबर गेला.

ही हकीकत आम्ही इथे मांडतो आहोत, कारण आपल्याकडेही वर्गणीतून, देणगीतून, कुणी पगारातून तर कुणी मजुरीतून दिलेल्या पैशांतून वसतिगृहे, विहाराला जोडलेल्या खोल्या आणि गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या आहेत. इमारत उभी राहिली की आपण निर्धास्त होतो. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. ही संस्था पैशाने धडधाकट आहे की नाही, आणि तिचा कारभार नीट आहे की नाही, हे सामान्य सभासदाने ओळखायचे कसे? हा लेख त्यासाठी आहे.

धर्मादाय गृहसंस्था म्हणजे काय?

बाजारभावाने घर परवडत नाही अशा माणसांना कमी भाड्यात घर देणारी आणि उरलेला नफा कोणाच्या खिशात न घालता पुन्हा त्याच कामात लावणारी संस्था, अशी सोपी व्याख्या करता येईल. इंग्लंडमध्ये या कामाला मोठा इतिहास आहे. जॉर्ज पीबॉडी या अमेरिकी सावकाराने १८६२ साली लंडनच्या गरिबांसाठी दीड लाख पौंड दिले. त्यातून सुरू झालेला पीबॉडी ट्रस्ट आजही काम करतो. त्या काळातल्या इतर काही संस्थांनी गुंतवणूकदारांना पाच टक्क्यांपर्यंतच परतावा द्यायचा असे धोरण ठेवले. त्याला लोक 'पाच टक्क्यांचा परोपकार' म्हणत.

१९७४ च्या कायद्याने अशा संस्थांना मोठे सरकारी अनुदान मिळू लागले. १९८८ च्या कायद्याने चित्र पालटले. अनुदानाचा वाटा कमी होत गेला आणि संस्थांनी बँकांकडून कर्ज काढून बांधावे असे धोरण आले. तेव्हापासून या संस्था नुसत्या दानधर्माच्या राहिल्या नाहीत. हेतू धर्मादाय, पण डोक्यावर कर्ज आणि व्याजाची तारीख ठरलेली, अशी त्यांची अवस्था झाली. हेतू चांगला आहे म्हणून बँक हप्ता पुढे ढकलत नाही.

शिल्लक दिसते, पैसा दिसत नाही

आता हिशेबाकडे वळू. आकडे समजावेत म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एका ट्रस्टचे ४० खोल्यांचे वसतिगृह आहे. खोलीमागे महिना २,००० रुपये भाडे. सगळ्या खोल्या भरल्या आणि सगळ्यांनी वेळेवर पैसे दिले, तर वर्षाचे ९,६०,००० रुपये जमा होतील. प्रत्यक्षात सरासरी ४ खोल्या रिकाम्या राहतात. म्हणजे वर्षाचे भाडे ८,६४,००० रुपये. वहीत हीच रक्कम उत्पन्न म्हणून लिहिली जाते.

पगार, वीज, पाणी, मालमत्ता कर, विमा आणि किरकोळ दुरुस्ती मिळून खर्च ६,००,००० रुपये. वरचा मजला बांधायला काढलेल्या कर्जाचे व्याज १,५०,००० रुपये. घसारा तूर्त बाजूला ठेवू. वार्षिक सभेत अध्यक्ष सांगतात, "यंदा १,१४,००० रुपये शिल्लक आहे." टाळ्या पडतात.

आता तीच वही रोकडीच्या नजरेने पाहू. भरलेल्या ३६ खोल्यांपैकी २ खोल्यांचे भाडे वर्षभर आलेलेच नाही. ते ४८,००० रुपये वहीत उत्पन्न आहेत, पण पेटीत नाहीत. शिल्लक उरली ६६,०००. कर्जाच्या मुद्दलापोटी वर्षाला १,००,००० रुपये फेडावे लागतात. मुद्दलाची फेड उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात येत नाही, म्हणून ती सभेत कोणाला दिसली नाही. एकूण काय, तर संस्थेला वर्षाअखेर ३४,००० रुपये कमी पडले.

ते आले कुठून? बहुधा एखाद्या दात्याने ग्रंथालयासाठी दिलेल्या देणगीतून. विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे. तो हप्त्याला वापरला की त्या वर्षी भागते, पुढच्या वर्षी खड्डा दुप्पट होतो. यात कुणी चोरी केलेली नाही. तरीही संस्था बुडण्याच्या वाटेला लागलेली आहे.

आणि ताळेबंद? त्यात इमारतीची किंमत दोन कोटी दिसते. ती खरी असेलही. पण इमारतीचा जिना विकून वीजबिल भरता येत नाही. मालमत्ता भरपूर आणि हातात पैसा नाही, याच अवस्थेत गृहसंस्था मरतात. उजिमाकडेही घरांची कमी नव्हती. विस्ताराची घाई, पैशाची सोय पक्की होण्याआधी घेतलेल्या जागा आणि या व्यवहारांवर कार्यकारिणीचा ढिला ताबा, यातून तिची रोकड आटली.

पाच आकडे जे विचारलेच पाहिजेत

पहिला आकडा व्याज पेलण्याच्या ताकदीचा. खर्च वजा जाता उरलेली रक्कम व्याजाच्या किती पट आहे? आपल्या उदाहरणात वसूल झालेले भाडे ८,१६,००० रुपये. त्यातून ६,००,००० खर्च वजा केला की २,१६,००० उरतात. भागिले व्याज १,५०,०००, म्हणजे जेमतेम १.४४ पट. सगळ्या खोल्या भरून सगळे भाडे आले असते, तर हाच आकडा २.४ पट झाला असता. सहा खोल्यांनी एवढा फरक पडतो. कर्ज देणाऱ्या बँका हा आकडा बारकाईने पाहतात. सभासदांनीही पाहावा.

दुसरा आकडा रिकाम्या खोल्या आणि थकबाकीचा. तो एकत्र नको, वेगवेगळा मागावा. खोली रिकामी का राहिली आणि भाडे का थकले, याची कारणे वेगळी असतात. दुरुस्तीअभावी बंद खोली हा कारभाराचा दोष आहे. रोजगार गेलेल्या माणसाची थकबाकी हा माणुसकीने सोडवायचा प्रश्न आहे. आणि कार्यकारिणीच्या नातेवाइकाची थकबाकी ही तिसरीच गोष्ट आहे.

तिसरा आकडा हातातल्या रोकडीचा. आज भाडे येणे थांबले, तर संस्था किती महिने चालेल?

चौथा आकडा मोठ्या दुरुस्तीच्या निधीचा. गच्ची, पाण्याच्या टाक्या, लिफ्ट, मलवाहिन्या या गोष्टींचे आयुष्य ठरलेले असते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी सांगितला आहे, तो यासाठीच. दुरुस्ती न करता दाखवलेली बचत ही खरी बचत नसते. ते इमारतीने दिलेले कर्ज असते आणि ती ते व्याजासह वसूल करते.

पाचवा आकडा एकूण देण्यांचा. बँकेचे कर्ज, ठेकेदाराची बाकी, परत करायच्या अनामत रकमा, दुसऱ्या कोणाच्या कर्जाला राहिलेला जामीन, हे सगळे एका कागदावर हवे.

हा पाचवा मुद्दा किती महाग पडू शकतो, हे २०१२ साली इंग्लंडमध्ये दिसले. लिव्हरपूल आणि चेस्टर भागातला 'कॉस्मोपॉलिटन हाउसिंग ग्रुप' गरिबांसाठी घरे चालवत होता. उत्पन्न वाढावे म्हणून तो विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांच्या धंद्यात उतरला. त्यासाठी दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे केले. महागाई वाढेल तसे त्या पट्ट्यांपोटी द्यायचे पैसे वाढत जाणार होते. जोखीम जोडधंद्याची, पण तिचा भार सामाजिक घरे असलेल्या मूळ संस्थेवर आला. अखेर २०१३ मध्ये 'सँक्चुअरी' या संस्थेने हा समूह आपल्यात घेऊन वाचवला. त्यानंतर नियामकाने २०१५ पासून नियम कडक केले. प्रत्येक संस्थेने आपल्या मालमत्ता आणि देण्यांची पूर्ण नोंदवही ठेवावी, आणि संकटाची परिस्थिती कल्पून आपला हिशेब आधीच ताणून पाहावा, असे बंधन आले.

ताणून पाहणे म्हणजे काय? व्याज दोन टक्क्यांनी वाढले तर? भाडे वाढवता आले नाही तर? तिथे हे प्रत्यक्ष घडले. २०१६ पासून सलग चार वर्षे सरकारने सामाजिक घरांचे भाडे दरसाल एक टक्क्याने कमी करायला लावले. २०२३ मध्ये भाडेवाढीवर सात टक्क्यांची मर्यादा घातली. ती ज्या महागाई दरावरून ठरायची, तो सप्टेंबर २०२२ चा दर १०.१ टक्के होता. भाडेकरूंना दिलासा हवाच होता. पण ज्या संस्थेने 'भाडे वाढतच जाईल' एवढ्याच भरवशावर कर्ज काढले होते, तिची अडचण समजू शकते.

कारभार पाहणारे कोण?

इंग्लंडमधला नियामक मोठ्या गृहसंस्थांना पैशाच्या बळासाठी एक श्रेणी देतो आणि कारभारासाठी वेगळी श्रेणी देतो. या दोन श्रेणी वेगळ्या ठेवण्यामागे अनुभव आहे. आज तिजोरी भरलेली आणि कारभार ढिला असेल, तर तिजोरी फार काळ भरलेली राहत नाही. पैशाचे दुखणे उघड होण्याआधी कारभाराचे दुखणे दिसू लागते.

ते कशात दिसते? सभेची कागदपत्रे आदल्या रात्री हातात पडतात किंवा पडतच नाहीत. हिशेब एकाच माणसाला कळतो. तोच चेक लिहितो, तोच सही करतो, तोच वही ठेवतो. लेखापरीक्षकाने काढलेले दोष वाचूनच दाखवले जात नाहीत. बांधकामाचा ठेका तीन दरपत्रके न मागवता ओळखीतल्या माणसाला जातो. आणि कुणी हिशेब विचारलाच, तर उत्तर येते, "तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?"

हे शेवटचे उत्तर आम्हाला सर्वांत घातक वाटते. संस्था उभी करणाऱ्यांनी हाडाची काडे केलेली असतात, याबद्दल वाद नाही. पण त्यांचा त्याग हा हिशेबाला पर्याय नाही. ज्याने वीस वर्षे निष्ठेने काम केले, त्याच्याही हातून मोठी जोखीम चुकीची मोजली जाऊ शकते. कार्यकारिणी नेमलेली असते ती यासाठीच, की एकाची नजर चुकली तर दुसऱ्याला दिसावे.

या बाबतीत आपल्या परंपरेत एक नेमका दाखला आहे. बुद्धांच्या संघात आलेल्या भिक्खूंना निवासाची जागा ठरवून देण्याचे काम दब्ब मल्लपुत्त यांच्याकडे होते. असे काम कोणाकडे द्यावे याच्या कसोट्या विनयपिटकात आहेत. तो माणूस आवडीनिवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भीतीने वागणारा नसावा, आणि काय वाटले गेले, काय नाही, हे त्याला माहीत असावे. म्हणजे नि:पक्षपातीपणा आणि नोंद, दोन्ही हवे. नेमणूकही संघासमोर मांडून, संघाच्या संमतीने व्हायची. शिवाय विहार, त्याची जमीन, मंचक यांसारखी संघाची मालमत्ता कोणालाही देऊन टाकता येत नाही की वाटून घेता येत नाही. खुद्द संघालाही नाही. घरांचा कारभार ही नियमाने चालवायची गोष्ट आहे, हे तेव्हाच ओळखले गेले होते.

राहणाऱ्यांचे कोण ऐकते?

हिशेब उत्तम, श्रेणी उत्तम, आणि घरात राहणारा माणूस आजारी, असेही होऊ शकते. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या रॉचडेल शहरात एका गृहसंस्थेच्या घरात राहणारे दोन वर्षांचे बाळ दगावले. भिंतींवरची ओल आणि बुरशी हे त्याच्या मृत्यूचे कारण असल्याचे २०२२ च्या चौकशीत स्पष्ट झाले. वडिलांनी बुरशीची तक्रार २०१७ पासून केली होती. देश हादरला. २०२३ च्या नव्या कायद्याने अशा तक्रारींवर ठरावीक मुदतीत कारवाई करायला लावण्याची तरतूद आली, आणि पैसा व कारभार यांच्याबरोबर भाडेकरूंना मिळणाऱ्या सेवेचीही श्रेणी ठरू लागली.

यातून एक साधी गोष्ट घ्यावी. तक्रारवही हेही हिशेबाचेच पुस्तक आहे. किती तक्रारी आल्या, किती दिवसांत सुटल्या, हे ताळेबंदाइतकेच सभेत वाचले गेले पाहिजे. आणि कार्यकारिणीत राहणाऱ्यांपैकी कोणीतरी असले पाहिजे.

आपल्याकडे कायदा काय देतो?

महाराष्ट्रात अशा संस्था प्रामुख्याने दोन चौकटींत बसतात. वसतिगृह किंवा विहाराच्या खोल्या चालवणारी संस्था बहुधा सार्वजनिक न्यास असते. तिला १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. तिने दरवर्षी हिशेब तपासून घेऊन त्याचा अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि न्यासासाठी कर्जही काढता येत नाही. कोणी म्हणाले की "ठराव झाला आहे, जागा बिल्डरला देतो आहोत", तर पहिला प्रश्न हाच विचारावा: परवानगीचा आदेश कुठे आहे?

दुसरी चौकट सहकारी गृहनिर्माण संस्थेची. तिला १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम लागू होतो. ३१ मार्चला वर्ष संपल्यावर ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. लेखापरीक्षण बंधनकारक आहे, आणि त्यात निघालेल्या दोषांचा दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. सभासदाला हिशेब आणि इतिवृत्त पाहण्याचा, ठरलेली फी भरून नकला घेण्याचा हक्क आहे. तो हक्क आहे, उपकार नाही.

पण कायदा बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावर जागा होतो. उजिमावरही नियामक होता, आणि नंतरच्या चौकशीत त्या नियामकाच्या कामावरही टीका झाली. आधी जागे राहण्याचे काम सभासदांचेच आहे.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. आपण ज्या संस्थेचे सभासद, विश्वस्त, देणगीदार किंवा भाडेकरू असाल, तिच्या पुढच्या सभेआधी एक पत्र द्या. त्यात वरचे पाच आकडे, गेल्या वर्षाचे लेखापरीक्षकाचे शेरे आणि तक्रारींची यादी मागा. पत्र नम्र भाषेत लिहा, आरोप करू नका, पोच घ्या. दोन-चार जणांनी मिळून दिले तर अधिक चांगले. समाजात कोणी निवृत्त बँक कर्मचारी, लेखापाल किंवा वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असेल, तर तिला सोबत बसवून ताळेबंद वाचा. एका संध्याकाळचे काम आहे.

आणि जे विश्वस्त आहेत त्यांनी असे पत्र आले तर रागावू नये. जिथे कोणी काही विचारत नाही, तिथे संस्थेची कोणाला पर्वा उरलेली नसते. हिशेब मागणारा माणूस ती संस्था अजून आपली मानतो, म्हणून तर मागतो.